मेयो : जमीन मिळाली, पण माणसं गेली



मी मूळचा नागपूरचा. आमच्याकडे कुणाला अचानक काही झालं, की घरातलं मोठं माणूस म्हणायचं, "मेयोत घेऊन चला." त्या सरकारी हॉस्पिटलचं नाव कधीच बदललंय, पण रिक्षावाल्याला आजही 'मेयो' एवढं म्हटलं की पुरतं. राजस्थानातल्या श्रोत्यांना अजमेरचं मेयो कॉलेज माहीत असेल. ही नावं लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयची. १८६९ साली तो हिंदुस्थानात आला, आणि ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात पोर्ट ब्लेअरला शेर अली आफ्रिदी या कैद्यानं त्याला भोसकून ठार केलं. आपल्या देशातली पहिली जनगणनाही त्याच १८७२ सालची.

पण मेयो हे त्या माणसाचं नाव नव्हे. त्याचं नाव रिचर्ड बर्क. 'अर्ल ऑफ मेयो' ही त्याच्या घराण्याची पदवी, आणि मेयो ही आयर्लंडच्या पश्चिम टोकाची एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. गंमत बघा, या लॉर्ड मेयोचं घर मेयोत नव्हतंच. ते होतं दूर, डब्लिनजवळच्या किल्डेअर काउंटीत. मेयोची पदवी धारण करायची आणि राहायचं दुसरीकडे. आजची सगळी गोष्ट एका अर्थानं इथूनच सुरू होते.

हा भाग तयार करताना मी एका कागदावर तीन आकडे लिहून ठेवले होते. १८४१ साली मेयोची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख ८९ हजार. १९७१ साली सुमारे १ लाख १० हजार. आणि २०२२ साली सुमारे १ लाख ३८ हजार. आपल्याला याची सवयच नाही. आपल्याकडे कुठल्याही जिल्ह्याचा आलेख वर चढत जातो. इथे एक अख्खा जिल्हा एकशेतीस वर्षांत चौथ्या हिश्श्याच्या जवळ आला. माणसं गेली कुठे? आणि का गेली? आज एवढंच बघायचं आहे.

आधी जमीन समजून घेऊ. आयर्लंड बेटावर एकूण ३२ काउंट्या, त्यात आकारानं मेयो तिसरी. कॉर्क आणि गॉलवे तेवढ्या मोठ्या. क्षेत्रफळ साधारण ५,६०० चौरस किलोमीटर. आयरिश भाषेत नाव 'माय ओ', म्हणजे यू नावाच्या सदाहरित झाडांचं मैदान. नावात मैदान आहे, पण ते फक्त पूर्वेला. तिथे चुनखडीचा खडक, बरी माती, हिरवी कुरणं. पश्चिमेला गेलात की अटलांटिकचा वारा, डोंगर आणि मैलोगणती दलदल. या दलदलीत हजारो वर्षं कुजत साठलेली वनस्पतींची माती असते, तिला पीट म्हणतात. तिच्या विटा कापायच्या, वाळवायच्या आणि चुलीत जाळायच्या. गरिबाचं सरपण हेच.

किनाऱ्यावर क्लू बे नावाचा उपसागर आहे. त्यात वर्षाच्या दिवसांइतकी म्हणजे ३६५ बेटं आहेत असं लोक सांगतात. मोजायला गेलात तर बरीच कमी भरतात. शेजारी ७६४ मीटर उंचीचा क्रोक पॅट्रिक हा डोंगर. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक तो चढतात, काही जण आजही अनवाणी. आपल्याला हे दृश्य समजावून सांगायला नको.

उत्तर किनाऱ्यावर केयडे फील्ड्स म्हणून जागा आहे. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड या शाळामास्तरांना पीट कापताना खाली रचलेले दगड दिसले. पुढे त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला आणि त्यानं तिथे संशोधन केलं. दलदलीखाली शेतांचे बांधच्या बांध निघाले, बहुतेक अभ्यासकांच्या मते पाच हजार वर्षांहून जुने. म्हणजे माणूस इथे फार पूर्वीपासून शेत आखून, बांध घालून राहत होता.

मग ही जमीन त्याच्या हातून गेली कधी? सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रजांनी आयर्लंड टप्प्याटप्प्यानं ताब्यात घेतलं. १६५० च्या दशकात क्रॉमवेलच्या राजवटीनं पूर्वेकडच्या सुपीक भागातल्या कॅथलिक जमीनमालकांना शॅनन नदीपलीकडे, कॉनाक्ट प्रांतात हाकललं. मेयो याच प्रांतात. चांगली जमीन विजेत्याला, दगडधोंडे आणि दलदल हरलेल्याला. आणि त्या दगडधोंड्यांवरही हळूहळू मोठे जमीनदार बसले. कसणारा झाला कूळ. खंड भरायचा, आणि तोही बहुतेकदा वर्षभराच्या बोलीवर. मालकाच्या मनात आलं की बेदखल.

१७९८ साली इथे बंड झालं. २२ ऑगस्टला जनरल हंबर्ट सुमारे एक हजार फ्रेंच सैनिक घेऊन किलाला इथे उतरला. गावकरी त्याला मिळाले. पाच दिवसांत त्यांनी कॅसलबारला इंग्रजांची अशी दाणादाण उडवली, की लोक त्या लढाईला आजही 'कॅसलबारची शर्यत' म्हणतात, कारण इंग्रज शिपाई शर्यतीतल्यासारखे पळाले. या पळालेल्या फौजेचा सेनापती होता जनरल लेक. नाव ओळखीचं वाटतंय? हाच लेक पाच वर्षांनी, १८०३ साली, दिल्लीजवळ आणि लासवारीला शिंद्यांच्या फौजेसमोर उभा राहिला, आणि तिथे मात्र जिंकला. त्या वेळी आयर्लंडचा कारभार कोणाकडे होता? लॉर्ड कॉर्नवॉलिसकडे. बंगालमध्ये १७९३ साली कायमधारा लावून जमीनदारांना पक्कं करणारा तोच कॉर्नवॉलिस. ८ सप्टेंबरला बंड मोडलं. साम्राज्य एकच होतं, माणसंही तीच होती. गावं फक्त बदलत होती.

आता बटाट्याकडे येऊ. कुळाकडे उरायचा एखाददुसरा एकराचा तुकडा, तोही पडीक. अशा जमिनीत बटाटा जेवढी पोटं भरतो, तेवढी धान्य भरत नाही. त्यामुळे मेयोचा गरीब माणूस जवळजवळ फक्त बटाटा आणि ताक यांवर जगत होता. धडधाकट गडी दिवसाला चार-पाच किलो बटाटे खायचा. ओट पिकवायचे, डुकरं पाळायची, पण ते विकून खंड भरण्यासाठी, खायला बटाटा. आणि बटाट्याची जात मुख्यतः एकच, 'लम्पर' नावाची. बटाटा लावतात तो कंदाचा तुकडा पुरून, म्हणजे प्रत्येक झाड आधीच्या झाडाची हुबेहूब नक्कल. एकाला जो रोग मारेल, तो सगळ्यांना मारणार.

१८४५ साली तो रोग आला. आपल्याकडे बटाटा लावणारे शेतकरी ज्याला करपा म्हणतात, तोच. पाने काळी पडायची आणि जमिनीतला बटाटा कुजून दुर्गंधी सुटायची. १८४६ ला पीक जवळजवळ पूर्ण गेलं. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. मेयो सर्वांत जास्त भरडलेल्या काउंट्यांपैकी एक. १८५१ च्या जनगणनेत इथे उरले सुमारे २ लाख ७४ हजार. दहा वर्षांत एक लाखाहून जास्त माणसं कमी.

इथे मला थोडं थांबायचं आहे. करपा निसर्गानं आणला, हे खरं. पण त्यानंतर जे झालं ते कायद्यानं झालं. १८४७ च्या एका कलमानुसार पाव एकरापेक्षा जास्त जमीन असलेल्याला सरकारी मदत मिळणार नव्हती. म्हणजे उपाशी माणसानं ठरवायचं, आज पोरांना अन्न की उद्याची जमीन. दुसरं म्हणजे, अगदी छोट्या कुळांचा गरीब-कर जमीनदारानं भरायचा होता. मग जमीनदाराचं गणित सोपं झालं : कूळच नको, तर करही नको. घरांची छपरं उतरवली गेली. कॅसलबारच्या लॉर्ड लुकननं असंख्य कुटुंबं उठवून त्या जागी मोठी कुरणं केली. माणसं गेली, गुरं आली. हाच लुकन १८५४ ला क्रिमियाच्या युद्धात इंग्रजी घोडदळाचा प्रमुख होता. इतिहासाच्या पुस्तकांत तो तिथे भेटतो, मेयोत कमी भेटतो.

आणि मार्च १८४९. लुईसबर्ग गावात मदतीवर जगणारे शेकडो लोक तपासणीसाठी जमले होते. तपासणारे दोन अधिकारी तिथे न थांबता डेल्फी लॉज या शिकारगृहाकडे निघून गेले. लोकांना निरोप मिळाला : उद्या सकाळी तिथे हजर व्हा, नाहीतर मदत बंद. अंतर सुमारे १९ किलोमीटर, वाट डोंगरातली, डूलॉख नावाच्या काळ्याशार तळ्याच्या काठानं. उपाशी बायका, पोरं, म्हातारे रात्रभर थंडी-वाऱ्यात चालत गेले. पोचल्यावर त्यांना ताटकळत ठेवलं, आणि पदरात काही न टाकता परत पाठवलं. येताना वाटेतच अनेक जण मेले. ही वाट लक्षात ठेवा, शेवटी आपण पुन्हा तिथे येणार आहोत.

दुष्काळात, १८४६ साली, मेयोतल्या स्ट्रेड गावी मायकेल डॅव्हिट जन्मला. चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला खंड थकला म्हणून घराबाहेर काढलं. ते इंग्लंडात लँकेशायरला गेले. तिथे अकरा वर्षांचा असताना कापडगिरणीतल्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. पुढे बंडासाठी शस्त्रं जमवल्याच्या आरोपावरून सात वर्षं तुरुंग. सुटून १८७९ ला तो मेयोत परतला, तर पुन्हा तेच : पीक बुडालेलं, खंड तेवढाच, दारात बेलीफ.

या वेळी मात्र लोक रस्त्यावर मरायला गेले नाहीत. २० एप्रिल १८७९ ला आयरिशटाऊन इथे मोठी सभा झाली. १६ ऑगस्टला कॅसलबारमध्ये मेयोची लँड लीग स्थापन झाली, आणि ऑक्टोबरमध्ये ती सगळ्या देशाची झाली. अध्यक्ष पार्नेल, पण पाया डॅव्हिटचा. मागणी सुरुवातीला साधी : खंड वाजवी असावा, आणि भरणाऱ्याला काढू नये. अखेरची मागणी आपल्या शब्दांत सांगायची तर, कसेल त्याची जमीन.

आणि मग आला १८८० चा सप्टेंबर. लॉख मास्क या तळ्याकाठी लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराची इस्टेट होती. तो स्वतः दूर उत्तरेत राहायचा. त्याचा कारभारी होता एक निवृत्त इंग्रज अधिकारी. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० टक्क्यांवर अडला. कारभाऱ्यानं घरं खाली करण्याच्या नोटिसा काढल्या. बेलीफ नोटिसा घेऊन निघाला, तेव्हा गावातल्या बायकांनी त्याला पळवून लावलं. आणि दुसरं काहीही केलं नाही. मारलं नाही, जाळलं नाही. फक्त पाठ फिरवली. घरातले नोकर निघून गेले. शेतमजूर निघून गेले. लोहार घोड्याला नाल मारेना, कपडे धुणारी बाई येईना, दुकानदार सामान देईना, टपाल आणणारा पोरगाही यायचा थांबला. उभं पीक शेतात, आणि काढायला कुणी नाही.

त्या कारभाऱ्याचं नाव कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट.

त्याचं पीक काढायला उत्तरेकडून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. दोन आठवडे भर पावसात काढणी चालली. सुमारे पाचशे पौंडांचं पीक वाचवायला किमान दहा हजार पौंड खर्च झाले. १ डिसेंबरला बॉयकॉट मेयो सोडून गेला. या प्रकाराला काय म्हणायचं? फादर जॉन ओ'मॅली या गावच्या पाद्र्यानं जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराला सुचवलं, जड शब्द शेतकऱ्यांना कळणार नाहीत, याला सरळ 'बॉयकॉट करणं' म्हणूया. तो शब्द पंचवीस वर्षांत आपल्याकडे पोचला. १९०५ ला बंगालच्या फाळणीविरुद्ध विलायती मालावर बहिष्कार आला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि बहिष्कार. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये बहिष्काराला मान्यता मिळाली तेव्हा अध्यक्ष होते दादाभाई नौरोजी. याच दादाभाईंना एखाद्या आयरिश मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत पाठवावं असं डॅव्हिटनं एकदा पार्नेलला सुचवलं होतं. ते घडलं नाही, आणि कलकत्त्याच्या अधिवेशनाच्या काही महिने आधीच डॅव्हिट वारला.

पण इथे टाळ्या वाजवून पुढे जाऊ नका. हे हत्यार नवं नव्हतं. आपल्या गावांत 'वाळीत टाकणं' आणि उत्तरेत 'हुक्कापाणी बंद' फार जुनं. फक्त ते वरून खाली चालायचं. महाडच्या सत्याग्रहानंतर कितीतरी गावांत दलितांवरच बहिष्कार पडला. बाबासाहेबांच्या पत्राचं नाव 'बहिष्कृत भारत' होतं ते उगाच नव्हे. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो अगदी अलीकडे, २०१६ साली. मेयोत ते हत्यार खालून वर वळलं, हे त्याचं मोठेपण. तरी तिथेही त्याची धार, बेदखल झालेल्या कुळाचा तुकडा घेणाऱ्या दुसऱ्या गरिबावर पडायचीच.

असो. लढ्याचं फळ मिळालं. १८८१ च्या कायद्यानं वाजवी खंड आणि कुळाला संरक्षण दिलं. १८९१ ला पश्चिमेकडच्या गरीब भागासाठी सरकारी मंडळ आलं. त्यानं १८९९ ला पूर्व मेयोतली डिलन घराण्याची अवाढव्य इस्टेट विकत घेऊन शेतकऱ्यांना वाटायला घेतली. १९०३ च्या कायद्यानं सरकारनं जमीनदारांना पैसे द्यायचे आणि शेतकऱ्यांनी ते ६८ वर्षांहून जास्त चालणाऱ्या हप्त्यांत फेडायचे, असं ठरलं. आपल्याकडे १९४८ च्या मुंबई कूळकायद्यानं जे सुरू झालं, ते मेयोत अर्धं शतक आधी होत होतं.

मग लोकसंख्या वाढायला हवी होती ना? आता माझ्या कागदाकडे परत बघू. १९०१ ला सुमारे १ लाख ९९ हजार. १९२६ ला, देश स्वतंत्र झाल्यावर, १ लाख ७३ हजार. १९६१ ला १ लाख २३ हजार. जमीनदार गेला, इंग्रज गेला, आणि माणसं जातच राहिली.

याचं उत्तर जमिनीच्या तुकड्यातच आहे. दुष्काळापूर्वी बाप आपली जमीन सगळ्या मुलांत वाटायचा, जशी आपल्याकडे वाटली जाते. तुकड्याचे तुकडे झाले की काय होतं, हे दुष्काळानं त्यांना असं शिकवलं, की त्यांनी वाटणी बंदच केली. शेत एका मुलाला. एका मुलीला हुंडा. बाकीच्यांना बोटीचं तिकीट. जमीन अखंड राहावी म्हणून कुटुंब तोडायचं. ज्याला शेत मिळायचं तोही बाप थकेपर्यंत लग्नाला थांबायचा. कारखाने नव्हते, शहर नव्हतं. डॅव्हिटच्या लढ्यानं मालक बदलला, पण दहा एकर दलदलीवर किती जण जगू शकतात, हे गणित कुठलाही कायदा बदलू शकत नव्हता.

ॲकिल बेटावरची पोरं-पोरी दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला बटाटे काढायला जायची. १४ जून १८९४ ला बोट पकडायला निघालेली त्यांची शिडाची होडी क्लू बे मध्ये उलटली. बत्तीस जण बुडाले. ॲकिलला नवी रेल्वे नुकतीच होत होती. तिच्या रुळांवरून आलेल्या पहिल्या गाडीनं त्यांचे मृतदेह घरी आणले. सप्टेंबर १९३७ ला स्कॉटलंडमधल्या कर्किन्टिलॉखला मजुरांच्या झोपायच्या खोलीला आग लागून ॲकिलची दहा पोरं गेली. त्यांच्या शवपेट्या घेऊन आली ती त्या रेल्वेच्या अखेरच्या गाड्यांपैकी एक. त्यानंतर काही दिवसांत मार्ग बंद झाला. एका रेल्वेचा जन्म आणि मृत्यू, दोन्ही गावाच्या पोरांना घरी आणण्यात.

१९७१ नंतर चित्र हळूहळू पालटलं. १९८६ ला नॉक या तीर्थक्षेत्राजवळ मॉन्सिन्यॉर जेम्स होरन या पाद्र्याच्या हट्टानं, टेकडीवरच्या दलदलीत, विमानतळ सुरू झाला. लोक हसले होते. तो आजही चालू आहे. बॅलिहॉनिस या छोट्या गावात हलाल मांसाच्या कारखान्यामुळे पाकिस्तान, सीरिया, पूर्व युरोप इथून माणसं आली. १९८७ ला तिथे मशीद उभी राहिली. २०१६ च्या जनगणनेत त्या गावातले सुमारे ४० टक्के रहिवासी परदेशी नागरिक होते. ज्या काउंटीनं दीड शतक माणसं जगाला दिली, तिथे जगातून माणसं येऊ लागली. आणि हेही ऐका : २०१७ साली मेयोच्या एंडा केनींनी आयर्लंडचं पंतप्रधानपद सोडलं, तेव्हा ते गेलं लिओ वराडकरांकडे. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. कोकणातल्या माणसाला घर सोडून जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता त्या तळ्याकाठी परत जाऊ. डूलॉखच्या वाटेवर आज घर नाही, दार नाही. डोंगर, पाणी, मेंढ्या, आणि एक साधा दगडी क्रॉस. दरवर्षी लोक १८४९ च्या आठवणीत ती वाट चालतात; १९९१ साली दक्षिण आफ्रिकेचे डेस्मंड टुटूही चालले होते. त्या स्मारकावर एक वाक्य कोरलं आहे. आशय असा, की दुसऱ्या माणसाचा अपमान करून कुणाला स्वतःचा सन्मान झाल्यासारखं कसं वाटू शकतं? वाक्याखाली नाव आहे महात्मा गांधींचं.

आम्हा नागपूरकरांच्या तोंडात त्या काउंटीचं नाव आलं ते एका व्हाइसरॉयमुळे, जो तिथे राहतही नव्हता. त्या काउंटीतल्या लोकांनी आपल्या मेलेल्यांच्या वाटेवर एका हिंदुस्थानी माणसाचं नाव कोरलं, ते मात्र स्वतः निवडून. पुढच्या वेळी कुणी "मेयोत चला" म्हणालं, तर मला तो दगड आठवेल. तुम्हालाही आठवला, तर आजचा भाग सार्थकी लागला.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.